खडकी फाटक, अठ्ठेचाळीस के

५ फेब्रुवारी २००५, शनिवार

चैतालीला स्पष्ट नाही म्हटलं. नाही म्हणजे नाही.

वीस तारखेला ती आणि तिच्या कंपनीतली मंडळी कोथरूडला हॉल घेऊन जुन्या कॉम्प्युटर गेम्सचं प्रदर्शन भरवतायत. त्यात माझा 'खडकी फाटक' हा गेम हवाय. उत्तम. पण तो म्हणे एम्युलेटरवर दाखवणार! म्हणजे आजच्या पीसीवर एक प्रोग्रॅम टाकायचा आणि त्यानं आपण जुना स्पेक्ट्रम कॉम्प्युटर असल्याचं सोंग आणायचं. "बाबा, तुमची कॅसेट एकदा पीसीवर रेकॉर्ड करून घेऊ. दहा मिनिटांचं काम. मशीन न्यायलाच नको."

न्यायलाच नको. सतरा वर्षं मी ते मशीन डोळ्यांत तेल घालून सांभाळलं. कीबोर्डची पट्टी तीनदा बदलली, रेग्युलेटर स्वतः बसवला. ते कशासाठी?

नंदा म्हणाली, "अहो, पोरगी कौतुकानं विचारतेय."

कौतुक असेल तर दूध प्यायला या. ताकावर तहान भागवायची असेल तर माझं नाव लावू नका.

६ फेब्रुवारी, रविवार

चैतालीच्या ऑफिसातला समाधान लॅपटॉप घेऊन घरी आला. मुलगा नम्र आहे, एवढीच जमेची बाजू. कुठला तरी एक गेम त्यानं एम्युलेटरवर लावून दाखवला. दोन सेकंदांत सुरू. मी विचारलं, लोड होतानाचा आवाज कुठाय? पडद्याच्या कडेला पळणारे पट्टे कुठायत? "काका, ते वगळता येतं. लोकांना थांबायला लागत नाही."

मग उडीचा आवाज उडीनंतर आला. मागून, दमल्यासारखा. मी दाखवून दिलं. तो म्हणाला, "काका, एवढा फरक कुणाला कळणार?"

"मला."

यावर चहा झाला.

७ फेब्रुवारी, सोमवार

काल लिहायचं राहिलं. हे सगळे इंजिनियर. मी आयटीआय. फॅक्टरीत इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक म्हणून लागलो, तिथंच आहे. 'फाटक' मी कुणाला न विचारता केला. शिकवायला कोण होतं? इंग्रजी मॅन्युअल शब्दकोश घेऊन वाचलं. खडकीचं रेल्वे फाटक, मिलिटरीचे ट्रक, सायकलवाले, दूधवाला – सगळे अठ्ठेचाळीस के मेमरीत. पडद्यावर मराठी अक्षरं. एकेक अक्षर आलेखाच्या कागदावर आठ बाय आठ ठिपक्यांत काढलं. 'ळ'ला तीन दिवस गेले. माझ्याकडे डिग्रीच्या जागी दाखवायला हा एक गेम आहे. तो दिसेल तर माझ्याच मशीनवर.

चैतालीला हे सांगितलं. (डिग्रीचं नाही सांगितलं.) तिनं मान्य केलं. हॉलमध्ये मला स्वतंत्र टेबल मिळणार.

९ फेब्रुवारी, बुधवार

तालीम सुरू. टेपरेकॉर्डरचं हेड स्पिरिटनं पुसलं, स्क्रू कानानं ऐकून लावला. कॅसेटवरून गेम मशीनमध्ये चढायला चार मिनिटं दहा सेकंद. आज तीनदा चालवला, तिन्ही वेळा पहिल्या फटक्यात चढला.

११ फेब्रुवारी, शुक्रवार

चैताली पुन्हा तेच. "बाबा, रोज चालवून टेप झिजते. एम्युलेटरवर नका दाखवू, पण एक रेकॉर्डिंग तरी काढून ठेवू या." मी म्हटलं, या गेमची कॉपी निघत नाही. "का?" म्हणून विचारते! तिला काय माहीत. ती तेव्हा सात वर्षांची.

१९८९ साली यज्ञेश्वरला कॅसेट दिली होती. एका दिवसासाठी. तो माझा मित्र, शनिवार पेठेत त्याचा कॉम्प्युटरचा क्लास, आणि रंगीत टीव्ही होता त्याच्याकडे. बजावून दिली होती – बघ, खेळ, कॉपी करू नकोस. पंधरा दिवसांनी त्याच्या क्लासचा एक विद्यार्थी मला बसमध्ये माझ्याच गेमचं वर्णन करून सांगतो! दूधवाल्यासकट! मी तसाच क्लासवर गेलो आणि अकरा विद्यार्थ्यांसमोर यज्ञेश्वरला चोर म्हणालो. तो नाही नाही म्हणत होता. सगळेच म्हणतात.

त्याच आठवड्यात गेमला कुलूप घातलं. टेपवरचा एक आकडा जरी चुकला तरी मशीन सगळी मेमरी पुसून टाकतं. लोड व्हायचा वेगही दीडपट केला, म्हणजे दोन कॅसेटींच्या डबल डेकवर कॉपी काढली तर ती फुकट जाईल. जुनी, बिनकुलपाची कॅसेट पुसली. कोडची वही बंबात घातली. एक कॅसेट ठेवली. एकच. दोन असल्या की दुसरी कुणीतरी मागतं.

आता सोळा वर्षांनी मीच कॉपी काढू देऊ? तीही सोंगाड्यासाठी?

१३ फेब्रुवारी, रविवार

समाधानला बोलावून प्रयोग दाखवला. चार मिनिटं तो पट्टे बघत बसला. मग 'खडकी फाटक' अशी अक्षरं उमटली तेव्हा म्हणाला, "काका, हे तुम्ही एकट्यानं?" मी म्हटलं, दुसरा कोण होता? तो चाळीस मिनिटं खेळला. दूधवाला रुळांवर अडकला की त्याला हसू आवरेना.

जाताना म्हणाला, "काका, मी शब्द मागे घेतो. पण एक कॉपी काढाच." कॉपीचं शेपूट काही सुटत नाही.

१५ फेब्रुवारी, मंगळवार

संध्याकाळी सहा वाजून वीस मिनिटांनी टेपरेकॉर्डरनं टेप खाल्ली.

आवाज बदलला तेव्हाच हात घातला, पण उशीर झाला होता. हातभर टेप आत रोलरला गुंडाळलेली, चुरगळलेली, एके ठिकाणी तुटलेली. चिमट्यानं काढली. पेन्सिलीनं गुंडाळली. जोडपट्टी लावून जोडली. लावली. चढली, चढली, जोडाशी आली – आणि पडदा कोरा. मशीन जसं चालू केल्यावर असतं तसं.

कुलूप काम करतंय. उत्तम काम करतंय.

१६ फेब्रुवारी, बुधवार

रजा टाकली. बावीस वेळा लावून पाहिली. समाधान ऑफिसातून लवकर येऊन बसला होता. म्हणाला, कोड असता तर कुलूप काढलं असतं. वही असती तर पुन्हा टाइप केलं असतं. असता, असती. मी म्हटलं, बंबात आहे, काढ जा.

टेपरेकॉर्डरचा रबरी पट्टा ढिला झाला होता. दुकानदारानं नवा म्हणून जुना माल गळ्यात मारला, दुसरं काय. आणि या लोकांनी प्रदर्शन काढलं नसतं तर मी रोज चालवली असती का?

चैताली 'सांगितलं होतं ना' म्हणाली असती तर बरं झालं असतं.

नंदा भाकरी वाढताना म्हणाली, "अहो, यज्ञेश्वरभावजींनी चोरली होती ना? मग त्यांच्याकडे असेल की."

१७ फेब्रुवारी, गुरुवार

गेलो. सोळा वर्षांनी. क्लास बंद झालाय, खाली आता मोबाइलचं दुकान. यज्ञेश्वर वरच राहतो. केस गेलेत. दार त्याच्या बायकोनं उघडलं. हेमावहिनींनी मला ओळखलं आणि बाजूला न होता उभ्या राहिल्या. आतून तो म्हणाला, "येऊ दे गं."

मी बसलो नाही. म्हटलं, फाटकची कॉपी तुझ्याकडे असेल तर हवीय. माझी गेली.

तो म्हणाला, "म्हणजे मी चोर, हे अजून आहेच?"

"ते जाऊ दे. आता त्याचा राग नाही. कॉपी असली तर दे."

"राग नाही. उपकार झाले." मग वहिनींकडे बघून म्हणाला, "बघ, माफी मिळाली." त्या आत निघून गेल्या. "माळ्यावर सगळ्या कॅसेटी आहेत. उद्या तुझं मशीन घेऊन ये आणि स्वतः तपास. मी सांगून तुला पटायचं नाही."

पेठेतला आहे, सरळ हो म्हणायचं नाही. पण नसती तर ये म्हणाला असता का? असणार. बिनकुलपाची असणार! ती चढली की समाधान काय वाटेल ते करो, पीसीवर घेवो, एम्युलेटरवर घेवो, घरोघर वाटो. मी काही बोलणार नाही. माणूस चोर निघाला म्हणून मला आज पहिल्यांदा बरं वाटतंय. घरी आल्यावर ही गोष्ट कुणाला सांगता येईना.

१८ फेब्रुवारी, शुक्रवार

दहा-दहा मिनिटांच्या त्रेचाळीस कॅसेटी. दोन्ही बाजू, शेवटपर्यंत. सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच. त्याचे धडे, त्याची गणितं, कुणाकुणाचे गेम्स. माझा नाही. त्या विद्यार्थ्यानं गेम पाहिला तो त्याच एका दिवशी, माझ्याच कॅसेटवरून.

मी शेवटची कॅसेट काढली आणि यज्ञेश्वरवर ओरडलो – का नाही केलीस कॉपी? अख्खा दिवस होती तुझ्याकडे!

तो म्हणाला, "तू नको म्हणाला होतास."