शपथेतून गाळलेलं वाक्य

दि. १२ जून

चि. ठकीस,
ताईचा आशीर्वाद. वि. वि.

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू मटकन खाली बसली असशील, तर आधी पाणी पी. घरी सगळे ठीक आहेत. म्हणजे मी ठीक आहे, दुसरं कुणी या घरात नाहीच. एकोणीस वर्षांनी बहिणीला पत्र लिहायचं तर सुरुवात कुठून करतात हे मला ठाऊक नाही, तेव्हा जे घडलं तेच सांगते.

सोमवारी कॉलेज उघडलं. पहिल्या उपासनेत आम्ही सगळे शिक्षक उभे राहून शपथ म्हणतो, ते तुला आठवत असेल. पवित्र शास्त्राचा शब्द न् शब्द खरा मानीन, दारूला शिवणार नाही, सिनेमाला जाणार नाही, आणि शेवटी ते वाक्य: या संस्थेच्या शिस्तीतून जे बाहेर पडले किंवा काढले गेले त्यांच्याशी कसलाही संबंध ठेवणार नाही, मग ते माझ्या रक्ताचे का असेनात. मला सगळं तोंडपाठ. हातातल्या कागदाकडे मी कशाला बघतेय! सगळ्यांनी आमेन म्हटलं आणि मी आपली पुढे चालूच. उच्चार शिकवणारी बाई मी, आवाज शेवटच्या बाकापर्यंत जातो. अख्ख्या सभागृहात एकटीचा आवाज, आणि मी रक्ताच्या माणसांपर्यंत येईतो पुढच्या रांगेतल्या पोरी तोंडात रुमाल कोंबून हसत होत्या. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

नंतर प्राचार्यांकडे गेले. ते म्हणाले की विश्वस्तांनी सुट्टीत ते वाक्य काढून टाकलं, काळ बदलला, नवा कागद सगळ्यांना दिला होता. मी विचारलं की म्हणजे मी आता माझ्या बहिणीला पत्र लिहू शकते का. त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे जरा विचित्रच पाहिलं आणि अर्थातच म्हणाले. म्हणून हे पत्र. चोरून लिहिलेलं नाही, हे मुद्दाम सांगते.

तू कशी आहेस? तुझ्या नवऱ्याचा दातांच्या कवळ्या बनवण्याचा धंदा अजून चालतो का? मूलबाळ काय? माझा गुडघा कुरकुरतो, आणि पुढचा दात पडल्यापासून स म्हणताना शिट्टी वाजते. उच्चारांच्या बाईची ही तऱ्हा.

लोभ ठेव असं म्हणायला जीभ रेटत नाही. जमलं तर उत्तर दे.

तुझी
ताई


दि. २० जून

ती. ताईस,
ठकीचा नमस्कार. वि. वि.

पाणी प्यायले. मग पत्र वाचलं, मग परत वाचलं, आणि तोवर भांड्यात कालवलेलं प्लास्टर दगड होऊन बसलं. कुणा आजोबांची खालची कवळी तुझ्यापायी दोन दिवस उशिरा जाणार आहे. धंदा चालतो, हे त्यावरून कळलंच असेल. दवाखान्यामागे आमची खोली आहे, दातांचे डॉक्टर मापं पाठवतात, हे साचे करतात आणि मी घासून, रंग जुळवून देते.

धन्य आहे बाई तुझी! कागदावरचं वाक्य गेलं म्हणून बहीण आठवली. मी घटस्फोट झालेल्या माणसाशी लग्न करणार म्हटल्यावर मला शेवटच्या वर्षी काढलं, तो त्यांचा नियम, मान्य. पण माझी पत्रं न फोडता परत धाडलीस ती तू. वर तुझ्या त्या वळणदार अक्षरात लिहिलेलं, की स्वीकारले नाही. मुलगी झाल्याचं कळवलं होतं, तेही परत. आई गेल्याचं मला तिसऱ्याच माणसाकडून कळलं, तेही महिन्याने. मग मी लिहायचं सोडलं, नुसता दर वर्षी सलाम पाठवत राहिले. त्यालाही तुझ्याकडून हूं नाही की चूं नाही.

मूलबाळ विचारतेस. एकच मुलगी, अठराची, आणि आवाज थेट तुझा. गल्लीच्या टोकाला हसली तरी इथे भांडी वाजतात. तिच्या बापाला वाटतं ती माझ्यावर गेलीय, आणि मी वाटू देते.

आता एकच विचारते, गोल गोल उत्तर देऊ नकोस. जे वाक्य काढता येतं ते परत घालताही येतं. उद्या घातलं तर तू काय करशील? पोरीला मावशी दाखवायची आणि मग हिसकावून घ्यायची, असला खेळ मला नको. तेवढं सांगता येत असेल तर सुट्टीत ये. दात आम्ही बसवून देऊ.

कळावे. नाही कळलं तर पुन्हा वाच.

ठकी


दि. ४ जुलै

चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

पुन्हा वाचलं. आता पाठ झालंय. तू बोललीस ते सगळं खरं आणि मी ते ऐकून घेतलंच पाहिजे. पण एक कळेना. सलाम कोणते? माझ्यापर्यंत एकही आला नाही. कुणाबरोबर पाठवत होतीस?

तुझ्या प्रश्नाचं म्हणशील तर विश्वस्त काही पोरंसोरं नाहीत, आज काढलं उद्या घातलं करायला. आणि तू संस्थेला नावं ठेवतेस म्हणून सांगते. बाबा गेले तेव्हा मी चौदाची, तू दोनची. नातेवाइकांनी पाठ फिरवली. संस्थेने आईला स्वयंपाकघरात काम दिलं, राहायला दोन खोल्या दिल्या, मला शिकवून नोकरी दिली. तू दुडुदुडू धावायला लागलीस ती त्याच आवारात. त्या अन्नाला मी जागले. त्यात माझं चुकलं कुठे, हे मला अजून नीट सांगता येत नाही.

पण ठके, हल्ली मन थाऱ्यावर नाही. वर्गात शिरले की बाहेर यावंसं वाटतं, बाहेर आले की कुठे जाऊ कळत नाही. फलकावर रोज नवी सूचना. मुलींना पँट चालेल. उपासनेत ड्रम आला, त्याने खिडक्यांच्या काचा थरथरतात. मुलामुलींचे जिने वेगळे होते, आता एकच. मी मात्र सवयीने मुलींच्याच जिन्याने जाते, आणि तिथे आता खोकी रचून ठेवलीत, त्यातून अंग चोरत वर चढते. या सगळ्यासाठी किती जणांना घरी पाठवलं आम्ही! तेव्हा चुकलं असं एकजण म्हणत नाही. विचारलं तर सांगतात की असा काटेकोर नियम कधी नव्हताच. नव्हताच? मग मी काय झोपेत पाळत होते?

असो. सुट्टीत येते. तीस ऑगस्टचं गाडीचं तिकीट काढलं. भाचीला सांग की मावशी बोलता बोलता शिट्टी वाजवते, घाबरू नकोस.

मेहुण्यांना नमस्कार. तुझा राग कमी करू नकोस, पण मला वाट दाखव.

तुझी
ताई


दि. ११ जुलै

ती. ताईस,
साष्टांग नमस्कार, मुलीचाही. वि. वि.

तिकीट काढलंस! ह्यांनी आजच भिंतीला रंग काढलाय, कपाट ओढलंय, आणि माझ्या कामाच्या बाकावर चुन्याचे ठिपके पडलेत म्हणून मी त्यांना फैलावर घेतलंय. घरात नुसती धांदल आहे.

सलामांचं काय विचारतेस! अगं, तुमच्या प्राचार्यांबरोबर. त्यांचा थोरला नाही का, माझ्याच वर्षी सिनेमा पाहिला म्हणून काढलेला? तो आमच्याच गल्लीत राहतो. प्राचार्य दर सुट्टीला त्याच्याकडे येतात, आठवडाभर राहतात, नातवाला खांद्यावर घेऊन हिंडतात. त्यांची वरची कवळी आमच्या हातची आहे. दर खेपेला ती घासून घेतात आणि तुझी खुशाली सांगतात. मी म्हणते ताईला सलाम सांगा, ते मान हलवतात. मला वाटायचं की निरोप पोचतो आणि तू ऐकून सोडून देतेस. म्हणून तर तुझा जास्त राग यायचा, की प्राचार्य येतात आणि माझी सख्खी बहीण येत नाही.

तुला खरंच काही माहीत नव्हतं? लोकांचे खायचे दात वेगळे आणि दाखवायचे वेगळे असतात, हे आमच्या धंद्यात काही नवं नाही. पण तुझ्या वाटचे सलाम गिळले, हे मात्र फार झालं.

लवकर लिही.

तुझी
ठकी


दि. १६ ऑगस्ट

चि. ठकीस,
आशीर्वाद. वि. वि.

महिनाभर पत्र नाही म्हणून तू मला मनात काय काय म्हटलं असशील. हात धजत नव्हता.

ते वाक्य परत आलं. जुन्या विद्यार्थ्यांनी विश्वस्तांकडे ओरड केली की संस्था रसातळाला चालली, आणि विश्वस्तांनी मुकाट्याने होतं तसं परत घातलं. सगळ्या शिक्षकांनी शुक्रवारी उभं राहून पुन्हा म्हणायचं असा हुकूम निघाला.

मी प्राचार्यांकडे गेले आणि आधी सलामांचं विचारलं. त्यांनी नाकारलं नाही. माझ्या निष्ठेला धक्का लावायची हिंमत झाली नाही, म्हणाले. मग त्यांच्या मुलाचं विचारलं. त्यावर अगदी मऊपणाने समजावलं की ते वाक्य सभागृहात म्हणायचं असतं, घरी न्यायचं नसतं. हिशेबनीस आपल्या काढलेल्या भावाकडे जातात-येतात, ग्रंथपाल बाईंची काढलेली बहीण तर त्यांच्याच घरी राहते. सगळ्यांना सगळं माहीत असतं. मीही शुक्रवारी म्हणून टाकावं आणि सुट्टीत खुशाल तुझ्याकडे जावं. आणि मग त्यांनी विचारलं की मी इतक्या वर्षांत खरंच तुला एक ओळही लिहिली नाही का. ठके, रागावले असते तर चाललं असतं. त्यांना माझी कीव आली गं!

आयुष्यभर मी मुलांना एकच सांगितलं, की मनात नसलेला शब्द तोंडातून काढू नका, आवाज लगेच पोकळ होतो. मी म्हटलं असतं तर मी ते पाळलंही असतं. मला दुसरं येतच नाही. म्हणून शुक्रवारी मी सभागृहात गेलेच नाही, बाजूच्या माझ्या वर्गात बसून राहिले. भिंतीपलीकडून सगळी शपथ ऐकू आली, शेवटच्या वाक्यासकट, एका सुरात. काय स्वच्छ उच्चार! निम्मे माझेच विद्यार्थी.

आज राजीनामा दिला. बाई शुक्रवारी आजारी होत्या असं लिहून टाकू, असं प्राचार्य म्हणत होते, मी नको म्हटलं. खोल्या महिनाअखेर सोडायच्या आहेत. आईची खाट हिशेबनीसांनी मागितली, देऊन टाकली.

तुझ्या प्रश्नाला हे उत्तर पुरेसं आहे असं वाटलं होतं. नाही पुरत. इतकी वर्षं मी समजत होते की नियमाने आपल्याला तोडलं आणि मी आपली पाळणारी. आता कळतंय की तो नियम कुणीच पाळत नव्हतं. संस्थेने माझ्याकडून एवढं मागितलंच नव्हतं म्हणे. मग तुला तोडलं कुणी? मीच तोडलं, एकटीने. हे घेऊन तुझ्या दारात कोणत्या तोंडाने उभी राहू? तिकीट आहे, पण तू नको म्हणालीस तर परत करीन. या खेपेला परवानगी तुझी हवी.

काही मागण्याचा हक्क नसलेली,
ताई


दि. २१ ऑगस्ट

ती. ताईस,
नमस्कार. वि. वि.

हो, तूच तोडलंस. मी नाही नाही म्हणून तुझे डोळे पुसीन असं वाटलं असेल तर ती मी नव्हे. पत्र वाचून रडले, आणि रडता रडता तुझा इतका राग आला की ह्यांनी माझ्या हातातली कानस काढून घेतली. प्राचार्यांचाही आला. येऊ देत आता कवळी घासायला, बघते! पण त्यांच्यावर उधळण्याइतका राग माझ्याकडे शिल्लक नाही, सगळा तुझ्यासाठी राखून ठेवलाय.

आईचं तोंड मला शेवटचं पाहू दिलं नाहीस. पोरीला मावशी असून नव्हती. पोस्टमनच्या हातात माझंच पाकीट बघून मी दारातून मागे फिरायची, ते तुला कुणी सांगितलं नाही. अजून पुष्कळ आहे, मला वर्षभर पुरेल. हे सगळं तुझ्या तोंडावर बोलायचंय, आणि तू मध्ये न बोलता ऐकायचंस. मग तुझं बोल, मी मध्ये मध्ये बोलणार.

तेव्हा परवानगी कसली मागतेस? मी भांडायचं कुणाशी? परतीचं तिकीट काढलं असशील तर फाडून टाक, हे काही आठवड्यात उरकणारं भांडण नाही. सगळं सामान आण. पोरीच्या खोलीत तुझी सोय केलीय. ती झोपेतही बडबडते, सांभाळून घे. गाडीवर आम्ही तिघंही येतोय.

राग आहे आणि लोभही आहे. दोन्ही इथेच ठेवलेत, पोस्टाने पाठवत नाही.

तुझीच
ठकी