सदू जिवंत आहे

जुईनगर,
६ फेब्रुवारी २०२५

ती. गिरजाआत्यास,
संघप्रियाचा सविनय जयभीम. वि. वि.

फोनवर तुला नीट ऐकू येत नाही आणि हे ओरडून सांगण्यासारखं नाही, म्हणून लिहायला बसले.

माझं काम तुला माहीत आहे. गाव सोडून इथे मजुरीला आलेल्या, आतून मोडलेल्या माणसांना बोलतं करायचं. शब्द फुटत नसेल तर चित्रातून, मातीतून, गाण्यातून. तू त्याला मोठ्यांची बालवाडी म्हणतेस. मंगळवारी शिरवण्यात बायकांचा गट असतो, बुधवारी ऐरोलीला बांधकामावर जायबंदी झालेल्या पुरुषांचा.

शिरवण्याच्या गटात छत्तीसगडची एक पोर येते. खरं नाव लिहिता येत नाही, तुझ्यापुरतं तिला मनस्वी म्हणते. तिचा नवरा इथे इमारतीवरून पडून गेला, असा गावी फोन आला होता. सासरी कोणी धड वागवेना, म्हणून ओळखीच्या बायकांबरोबर कामाला आली. हो-नाहीपलीकडे बोलत नाही. दर वेळी एकच चित्र काढते. निळं दार, चौकटीवर दोन पोपट, त्यातला एक बिनचोचीचा. मला वाटायचं, चोच काढायची राहून जाते.

काल ऐरोलीत एका नव्या माणसाने मातीचं दार केलं. त्याचा डावा पाय मांडीपासून गेलाय. त्याने चौकटीवर दोन पोपट बसवले आणि एकाची चोच नखाने खुडून टाकली. का, म्हणून विचारलं. म्हणाला, गावी सुतारकाम करायचो, लग्नाआधी घराची चौकट कोरताना पटाशी निसटून चोच उडाली, बायको त्यावरून फार चिडवायची.

आत्या, मी लगेच गाव विचारलं. मनस्वीचंच गाव.

त्याला सदू म्हणू. मेल्याचा तो फोन त्यानेच एका सोबत्याकडून करवला होता. अगदी शांतपणे म्हणाला, आमच्याकडे विधवेला दुसरं घर करता येतं, पांगळ्याच्या बायकोला नाही. ती शिरवण्यात राहते, हे त्याला माहीत नाही. गटात ऐकलेलं बाहेर न्यायचं नाही, हा आमचा पहिला नियम. मंगळवारी ती समोर बसेल तेव्हा मी तिच्याकडे कशी बघू?

तुझी,
संघप्रिया


मंडणगड,
१२ फेब्रुवारी २०२५

चि. संघप्रियास,
आत्याचे पोटभर आशीर्वाद.

पत्र वाचता वाचता चहा हातातच गार झाला. मग पुन्हा वाचलं. एवढी वर्षं दवाखान्यात नर्स होते, पण माणूस स्वतःच्या मरणाचा निरोप धाडतो हे कधी ऐकलं नव्हतं.

तू तिला परस्पर सांगायचं नाहीस, ते बरोबर. पण त्यालाही सुखाने बसू देऊ नकोस. आमचे हे गेले तेव्हा मी भिंतीशी भांडायची, मला न विचारता गेलात कसे म्हणून. उत्तर द्यायला कोणी नव्हतं. तिचं उत्तर तिकडे मातीचे पोपट करत बसलंय. त्याला एवढंच विचार, बायकोचं दुसरं घर ठरवलंस, तर तिला विचारलं होतंस का?

जावईबापू कळवतात की तू दुपारचं जेवत नाहीस. लोकांची मनं सांभाळणारीने आधी पोट सांभाळावं. ओरडा समज किंवा माया समज.

तुझीच,
गिरजाआत्या


जुईनगर,
२८ फेब्रुवारी २०२५

ती. आत्यास,
सविनय जयभीम. वि. वि.

तुझा प्रश्न मी सदूला विचारला. त्या दिवशी त्याने मातीला हात लावला नाही. पुढच्या सेशनला स्वतःच म्हणाला, तिला कळू दे, तुम्हीच सांगा. मग मी आणि आमच्या वरिष्ठ वैशालीताईंनी मनस्वीला बाजूला बसवून सांगितलं. ती हसली. ते हसणं थांबेचना. बऱ्याच वेळाने विचारलं, कुठे आहे.

परवा तिला ऐरोलीला नेलं. सदूने पायावर चादर ओढून घेतली होती. ती दारातच थबकली. रडली नाही, जवळ गेली नाही. मग बोलली. सासऱ्यांबरोबर जाऊन महानदीत जी राख सोडली, ती कोणाची होती, असं तिने विचारलं.

आत्या, राखेचं सदूलाही ठाऊक नव्हतं. त्याने फक्त फोन करायला सांगितला होता. फोन करणारा सोबती, त्याला जोतीराम म्हणू, सदूला घेऊन आलेला, तिथेच कोपऱ्यात होता. खाली मान घालून म्हणाला, घरच्यांचा विश्वास बसावा म्हणून गावी जाणाऱ्याच्या हाती मडकं धाडलं होतं. साइटवरच्या चुलीची राख होती.

मनस्वी सरळ चालत गेली, चादर ओढून काढली, पाय जिथे संपतो तिथे निरखून बघितलं आणि हात ठेवला. मग त्याच्या खांद्यावर बुक्के मारत रडली. त्याने एकही चुकवला नाही.

शांत झाल्यावर डोळे पुसून म्हणाली, खोली माझी आहे, चल. मी कामावर जाईन, भात तू रांधायचास. तो हळूच म्हणाला की त्याला भात करता येत नाही. त्यावर ती म्हणाली, मेलेल्या माणसाला वेळच वेळ असतो, शिकशील.

तुझी माया आटू देऊ नकोस.

तुझी,
संघप्रिया