पायाळू शीलाची कंबर

सारंगखेडा,
१२ जानेवारी २०२५

ती. हेमकांतदादास,
सा. न. वि. वि.

फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, म्हणून हे पत्र. कंबर महिनाभर धरली आहे, हे खरं. पण होळीपर्यंत बरी झाली नाही तर घर बंद करून कायमची पुण्याला ये, हा तुझा हुकूम मला मान्य नाही. माझ्याकडे नऊ मुली इंग्रजी शिकायला येतात. त्यांना कुणावर सोडू?

शहाद्यात 'कायरोप्रॅक्टर' अशी नवी पाटी लागली आहे. शेजारची शोभावहिनी मला तिथे घेऊन गेली. मणके कडाकड वाजवतो म्हणून बाकावर ही गर्दी! आडवी होण्याआधी मी प्रमाणपत्र मागितलं. भिंतीवरच्या चौकटीत तीन दिवसांच्या शिबिराचा कागद होता. नोंदणी कुठे केलीत, विचारलं तर म्हणाला, मावशी, आजवर कुणी विचारलं नाही. मी चपला घातल्या. वहिनी वाटभर कुरकुरत होती, तुले कंबर बरी करनी शे, का कागद वाचना शे?

दादा, मी पायाकडून जन्मले, म्हणून कॉन्व्हेंटच्या सुट्टीत तू मला घरोघर न्यायचास आणि धरलेली कंबर सुटावी म्हणून मी पालथ्या पडलेल्या मोठ्या माणसांच्या कमरेवर लाथ मारायचे. लोक गूळ द्यायचे, त्यातला अर्धा तू खायचास. किती मजा होती! पण माझ्या लाथेनंतर लोटनकाका दोन महिने उठले नाहीत. मी नऊ वर्षांची होते. त्यांच्या घरून तरीही गूळ आला. तो मला गिळवला नाही. म्हणून मी विचारणार, सगळ्यांना विचारणार.

लोभ आहेच, थोडा रागही चालेल.
तुझी,
शीला

पुणे,
२० जानेवारी २०२५

चि. शीलास,
अनेक आशीर्वाद.

लोटनकाकांचं दुखणं जुनंच होतं. साठी उलटली तरी तू तेच उराशी धरून बसलीस. तिथे तुला नोंदणीवाला सात जन्मांत मिळायचा नाही. इथे आमच्या सोसायटीखालीच एकजण बसतो. माझी मान त्याने एका झटक्यात मोकळी केली. तेव्हापासून बोटांना जरा मुंग्या येतात, एवढंच. होळीला गाडी पाठवतो. सामान बांधून ठेव, हट्ट पुरे.

तुझी काळजी करणारा,
हेमकांत

सारंगखेडा,
६ मार्च २०२५

ती. दादास,
सा. न. वि. वि.

मुंग्यांचं वाचून, तेही परक्या अक्षरात, लगेच फोन केला, तर तू हवापाण्यावर बोलत राहिलास. आता ऐक.

कायरोप्रॅक्टरची आपल्याकडे सरकारी यादीच नाही, फिजिओथेरपिस्टची आहे. मी शहाद्यातल्या पाट्यांवरची नावं तिच्याशी ताडून पाहिली. एक सापडलं, प्रतिभा पावरा. सातपुड्यातल्या मोलगी गावची पोर आहे, माझ्या विद्यार्थिनींहून फार मोठी नाही. मी तोंड उघडायच्या आत तिने नोंदणी क्रमांक पुढे ठेवला. मी पायाळू आहे म्हटल्यावर पोट धरून हसली. मणका वाजवणार नाही, म्हणाली, रोज व्यायाम करावा लागेल. सहा आठवडे केला. काल तापीच्या पुलापर्यंत चालत जाऊन आले. वहिनी आता स्वतःचा गुडघा घेऊन तिच्याकडे जाते, वर मलाच सांगते की ही पोर तिनेच शोधली!

मुंग्या अजून आहेत हे परवा फोनवर तुझ्या तोंडून निसटलं, म्हणून काल प्रतिभाला तुझ्या बोटांचं सांगितलं. तिचं हसू थांबलं. लगेच मोठ्या दवाखान्यात दाखवायला सांगा, म्हणाली, आणि मानेला परत त्याचा हात लागू देऊ नका. दादा, जा. जाताना त्या माणसाच्या दारात थांब आणि सगळ्यांसमोर विचार, तुझी नोंदणी कुठे आहे? लाजू नकोस. तू विचारलंस, की बाकावरचा पुढचाही विचारेल.

मी पुण्याला येत नाही. गाडी पाठवू नकोस.

आशीर्वाद असू दे, आणि बोटं बरी झाली की स्वतःच्या हाताने लिही.
तुझी,
शीला