सईचा तिळाचा लाडू

मंगळवार, १२ ऑगस्ट

सईला पाळी आली. आठ वर्षांची आहे माझी पोर! डॉक्टर म्हणाल्या, मेंदूकडून अंडाशयांना हार्मोनचा इशारा फार लवकर गेलाय. दर महिन्याला इंजेक्शन दिलं तर काही वर्षं थांबवता येईल. शुक्रवारपर्यंत ठरवायचंय. कसं ठरवू?

घरी आलो तर शेजारच्या कानडी अक्का तिळाचे लाडू घेऊन दारात उभ्या; त्यांच्याकडे मुलीला पहिली पाळी आली की तीळ खायला देतात. सकाळी घाबरून मीच त्यांना सांगून बसले होते. "स्वल्प, थोडा तरी खा गं, आता मोठी झालीस," सईला म्हणाल्या. सईने विचारलं, "आज संक्रांत आहे?" मी अक्कांवर चिडले, मग स्वतःवर.

आत्ता हे लिहितेय तर सई लाडू घेऊन आली, तसाच अख्खा.

"आई, मी खाल्ला नाही. म्हणजे अजून मोठी नाही झाले ना?"