उंद्रीकरांचा बस्ता

प्रिय गुलाबभाई,

सलाम. आज दुकानाला सुट्टी आहे. मी मात्र किल्ली घेऊन सकाळीच आलो, एक दार उघडलं आणि गादीच्या उजव्या कोपऱ्यात, तुमच्या जागेवर येऊन बसलो. तुम्हाला जाऊन चार महिने झाले. इतक्या दिवसांत लिहिलं नाही, कारण तुमच्यासमोर यायला तोंड नव्हतं. काल उंद्रीच्या गयाबाई बस्त्याला आल्या होत्या. त्या जे बोलून गेल्या ते तुम्हाला सांगितल्याशिवाय उद्या दुकान उघडायला माझा हात उचलणार नाही.

महाराष्ट्र झाला त्या साली शेठजींनी मला मॅनेजर केलं, आठवतं? सुलतानपूरच्या शेतकऱ्याचा मुलगा, कॉमर्स शिकलेला, मुंबईच्या एका मोठ्या कापडदुकानात सहा महिने उमेदवारी करून आलेला. खरं तर ती खुर्ची तुमची होती. वीस वर्षं तुम्ही या गादीवर काढली होती आणि खामगावच्या बाजारात हे सगळ्यांना ठाऊक होतं. तरी तुम्हीच खुर्ची पुसून दिलीत आणि म्हणालात, "बसा वसंतभाऊ. आमाले खाली गादीच बरी. गिऱ्हाईकाच्या तोंडाकडं पाहाले भेटते." मी मनात म्हटलं, म्हातारा मोठा बेरकी दिसतो. म्हातारा कसले, तुम्ही तेव्हा पन्नाशीचेही नव्हता.

पहिली दोन वर्षं दुकान छान चाललं, कारण मी काही केलं नाही. जे करायचं ते तुम्ही करत होता आणि मला ते दिसत नव्हतं. एखादं कुटुंब तासभर बसून, पंचवीस लुगडी उलगडायला लावून हात हलवत निघून गेलं, की तुम्ही आपलं काम टाकून त्या विक्रेत्याजवळ जाऊन बसायचात आणि त्याच्यासोबत घड्या घालायला लागायचात. एक शब्द बोलायचा नाहीत. घड्या संपेस्तोवर त्या माणसाचं तोंड पुन्हा सरळ झालेलं असायचं. कुणाचा दिवस कोरडा जात असला की तुमचा पाय हमखास दुखायचा. "वामनराव, माहा पाय लय दुखून राह्यला, यायले जरा तुमीच दाखवा." आपलं हातातलं गिऱ्हाईक तुम्ही असं देऊन टाकायचात. आणि मी वरून बघत मनाशी म्हणायचो, या माणसाला कामाची टाळाटाळ फार.

मग शेठजी एकदा म्हणाले, दुकानात काही सुधारणा करा. मी मुंबई पाहून आलेलो! तिथं विक्रेते पांढऱ्या सदऱ्यात, हात मागे बांधून, गुपचूप उभे असत. आणि आमच्या गादीवर तर गुरांच्या बाजारासारखा कल्ला. "गुलाबभाई, तो अंजिरी नाई, त्याच्या खालचा डाळिंबी." "वामनराव, हा मोरपंखी का निळा?" एकाचं गिऱ्हाईक आणि बोलणार पाचही जण. मी पाटीच रंगवून घेतली : गिऱ्हाईक बसलं असताना विक्रेत्यांनी आपसात बोलू नये, ज्याचं गिऱ्हाईक त्यानेच पाहावे.

तुम्ही त्या पाटीसमोर बराच वेळ उभे राहिलात. मग खुर्चीजवळ येऊन हळूच म्हणालात, "वसंतभाऊ, एकमेकाले हाक मारल्याबिगर कसं जमन?" मी म्हणालो, "मुंबईत जमतं." तुम्ही मान हलवलीत आणि जागेवर जाऊन बसलात. त्या वेळी का नाही हो सांगितलंत? दोन वाक्यांचं तर काम होतं. आता वाटतं, मी ऐकून घेण्यासारखा चेहरा केला असता तर तुम्ही बोलला असता.

तुळशीची लग्नं लागली आणि उंद्रीची मंडळी गयाबाईंच्या नातीच्या बस्त्याला आली. लग्नाची सगळी कापडखरेदी एका बैठकीत उरकायची म्हणजे घरदार येणार, लेकी-सुना, मामा-मावश्या, बारा-पंधरा माणसं. या घरची एक रीत होती. बस्त्याचं पहिलं वस्त्र घरच्यांनी निवडायचं नाही, गुलाबभाईंनी आपल्या मनानं काढून ठेवायचं. त्यावर गयाबाईंनी हळद-कुंकू वाहायचं आणि मग बाकीची खरेदी. तीन नातींचे बस्ते असेच झाले होते. नवरीचं पहिलं वस्त्र गर्द हिरवं, चुड्यासोबत नेसायचं, हे तुम्हाला सांगावं लागत नसे.

तुम्ही मागच्या कपाटातून घडी काढलीत, दोन्ही हातांनी गादीवर ठेवलीत आणि किनार वर येईल अशी सारखी केलीत. गयाबाईंची नजरही आता काही तिशीची नव्हती. त्यांनी हळद लावली, कुंकू लावलं, हात जोडले. आणि नवरीची मावशी म्हणाली, "अवं माय, हे त काळं हाय."

नवरीच्या बस्त्याचा मुहूर्त काळ्या लुगड्यावर. नवरीची आई पदर तोंडात धरून रडायला लागली. आणि मी खुर्चीतून उतरलो, सगळ्यांच्या देखत, पंधरा पाहुण्यांच्या आणि चार सोबत्यांच्या देखत तुम्हाला म्हणालो, "गुलाबभाई, डोळे आहेत की नाहीत तुम्हाला? वीस वर्षं काय शिकलात?" आवाज रस्त्यापर्यंत गेला असेल.

तुम्ही काळी घडी उचलून मांडीवर घेतलीत आणि म्हणालात, "चुकी झाली साहेब. माफी करा." त्या दिवसापर्यंत तुम्ही मला साहेब म्हटलं नव्हतं. गयाबाई उठल्या, त्यांच्या मागे सगळे उठले आणि समोरच्या दुकानात गेले. आमच्या दुकानाचं तीन पिढ्यांचं घर तुम्ही घालवलंत, असंच मी त्या दिवसापासून धरून चाललो.

दुसऱ्या दिवशी तुम्ही मागणं केलंत, "मले गिऱ्हाईकावर नोका बसवू. मी मागं घड्या घालतो." मी बसवलं. मला वाटलं, रुसून बसलात. हळूहळू दुकानच रुसलं. पाटीवर लिहिलं होतं तसं अगदी घडलं, कुणी कुणाशी बोलेना. मी दर सोमवारी सकाळी पाचही जणांना उभं करून उत्साहावर भाषण द्यायला लागलो. काय काय बोललो असेन, आठवलं तरी कानाच्या पाळ्या गरम होतात. मग महिन्याच्या उत्तम विक्रेत्याला सदऱ्याचं कापड बक्षीस ठेवलं. पहिल्यांदा ते वामनरावांना मिळालं. पुढच्या आठवड्यात ते तापानं पडले तर त्यांच्या गिऱ्हाईकाला पाणी विचारायला कुणी उठलं नाही. ज्याचं गिऱ्हाईक त्यानं पाहावं ना! तुम्ही मात्र मागून उठून आलात, त्या लोकांना पाणी दिलंत आणि परत घड्यांपाशी जाऊन बसलात. मी पाहिलं, आणि पाहून न पाहिल्यासारखं केलं.

आषाढात तुम्ही गेलात. छातीत कळ आली आणि दुपारपर्यंत सगळं संपलं. मी मातीला आलो होतो. तिसऱ्या दिवशी घरी गेलो तर अमिनाभाभी दाराआडून म्हणाल्या, "साहेब, यायच्या डोयात तीन वर्सापासून मोतीबिंदू व्हता. काळा, निळा, हिरवा समदा एकच दिसे. मी म्हनत व्हती, मॅनेजरले सांगा. त म्हने, सांगतलं त गादीवरून उठवतीन, अन् धाकटीचं लग्न राह्यलं."

मी घरी न जाता दुकानात आलो आणि वामनरावांना विचारलं. त्यांना माहीत होतं. चौघांनाही माहीत होतं. "आमी सांगत व्हतो ना त्यायले," वामनराव म्हणाले, "अंजिरी का डाळिंबी, हिरवा का काळा. वरडून वरडून." मी विचारलं, "मग त्या दिवशी का नाही सांगितलं? तुम्ही तर दोन हातांवर बसला होता." वामनराव म्हणाले, "तोंड उघडलं व्हतं साहेब. तुमच्याकडं पाह्यलं, अन् बंद केलं."

म्हणजे तो कल्ला म्हणजे तुमचे डोळे होते, गुलाबभाई. चार माणसं दोन वर्षं तुम्हाला डोळे देत होती, गिऱ्हाईकाला कळू न देता, मला कळू न देता. आणि ते मी पाटी लावून काढून घेतले, आणि काढून घेतल्यावर चारचौघांत विचारलं की डोळे आहेत की नाहीत. पाटी मी त्याच संध्याकाळी उतरवली, पण त्यानं काय होतं? ज्याच्यासाठी उतरवायची तो माणूस गेला होता.

तुमच्यावर माझा रागही आहे, तो लपवत नाही. मोतीबिंदू काही जिवावरचं दुखणं नव्हे. मला एकदा बाजूला घेऊन सांगितलं असतंत तर मी तुम्हाला अकोल्याला डॉक्टरकडे नेलं असतं. नेलं असतं का? त्या वेळच्या वसंताबद्दल मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. तुम्ही त्याला माझ्यापेक्षा बरं ओळखलं होतं.

आता कालचं सांगतो. गयाबाई धाकट्या नातीच्या बस्त्याला आल्या. मला वाटलं, समोरच्या दुकानात जायला निघाल्या असतील आणि पायरी चुकली असेल. पण त्या चप्पल काढून सरळ गादीवर बसल्या आणि म्हणाल्या, "गुलाब कुठी हाय? त्याले बलावा." त्यांना काही माहीत नव्हतं. वामनरावांनी माझ्याकडे पाहिलं. मी खुर्ची सोडून खाली गेलो आणि गयाबाईंसमोर मांडी घालून बसलो. सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. तुम्ही गेल्याचं सांगितलं, डोळ्यांचं सांगितलं, पाटीचं सांगितलं. म्हणालो, "त्या दिवशी तुमच्या बस्त्यात काळं आलं ते माझ्यामुळे. त्यांना तुमच्यासमोर बोललो, म्हणून माफीही तुमच्यासमोर मागतो. तुमचं घर या दुकानातून उठलं ते माझ्या चुकीनं."

गयाबाईंनी पदरानं डोळे पुसले. मग म्हणाल्या, "बाप्पा, तुले काय वाटलं, आमी काळ्या लुगड्यापायी उठलो? कुंकू पुसून दुसरं घेतलं असतं. ज्या मानसानं आमच्या तीन पोरीयचे बस्ते लावले, त्याले तू आमच्या देखत तसा बोलला. मंग तिथं बसून आमी कोन्या तोंडानं कापड घ्यावं?"

त्या पुढं म्हणाल्या, "म्या दुसऱ्याच दिवशी गुलाबले सांगावा धाडला व्हता, का बाबा, आमी तुयावर रागावलो नाई, त्या मॅनेजरच्या दारात मात्र पाय ठेवत नाई. त त्यानं उलटा सांगावा धाडला. आमचा मॅनेजर मनाचा चांगला हाय म्हने, जीभ तेज हाय. पोरगं हाय, शिकून जाईन. पुढचा बस्ता आमच्याच दुकानात करजा म्हने. त्याचा शबूद म्हनून आली मी."

गुलाबभाई, तुम्हाला सगळं ठाऊक होतं. ते घर तुमच्या चुकीनं नाही, माझ्या तोंडानं गेलं, हे तुम्हाला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं. पाठीमागे घड्या घालत बसलात, माझ्या सोमवारच्या भाषणांना उभे राहिलात, मी तुम्हाला दोष देतोय हे बघत राहिलात आणि तरीही माझ्यासाठी शब्द टाकलात. माझं गेलेलं गिऱ्हाईक मला परत मिळवून दिलंत आणि मला कळूसुद्धा दिलं नाहीत. एवढं मोठं मन कशाला ठेवलंत हो? एकदा दोन शब्द सुनावले असतेत तर आज मला हे इतकं जड गेलं नसतं.

रडलो काल. गादीवर, सगळ्यांच्या देखत.

आता वचन देतो, आणि ते वामनरावांनाही वाचून दाखवणार आहे. मी रागावणारच, स्वभाव एका दिवसात जात नाही. पण आधी शेजारी जाऊन बसेन, विचारेन, आणि मग जे बोलायचं ते एकट्यात बोलेन. गिऱ्हाईकासमोर या दुकानातल्या माणसाची मान पुन्हा खाली जाणार नाही. जायचीच वेळ आली, तर ती माझी जाईल.

तुमचा, अजून शिकतो आहे असा,
वसंत