पुढच्या शिडाचा भाव

नाशिक, ९ फेब्रुवारी २००३

प्रिय अंजू,

तुझ्या होडीच्या पुढच्या शिडाचा भाव काढत फिरतोय. हसू आलं तर हस. तुझी आई रोज तुझी खुशाली विचारते आणि माझ्याकडे सांगायला काही नसतं. तू पुन्हा पाण्यावर यावंस, एवढ्यासाठी हा खटाटोप.

शहाण्णव साली ते शीड मी बिघडवलं. सातपूरच्या आमच्या कारखान्याला टाळं लागलेलं, सकाळी मोर्चा, फलकाला कापड नाही. ओसरीवर तुझं शीड घडी घालून ठेवलेलं होतं. चंदर पेंटरने त्यावर तेलरंगात ‘टाळेबंदी उठवा’ लिहिलं. दुसरं शीड नव्हतं, म्हणून आठ दिवसांनी धरणावरच्या निवड-शर्यतीत तू तेच लावलंस. रंग कडक झालेला. ते घडीवर फाटलं आणि तुझी निवड हुकली. तू जाब विचारलास तेव्हा मी साऱ्या कामगारांसमोर म्हणालो, “तीनशे घरांच्या चुली विझल्यात आणि बाईसाहेबांना शर्यत सुचतेय!” टाळ्या पडल्या. तू होडी परसात पालथी घातलीस. मोर्चा बरोबर होता, आजही म्हणेन. पण कापड तुझं होतं. हे मी सात वर्षांत एकदाही म्हणालो नाही.

आधी देवळाली कॅम्पात तंबू शिवणाऱ्या मल्हारीकडे गेलो. कॅनव्हासचं दीड हजारात होईल म्हणाला. मी खूश. तेवढ्यात तोच म्हणाला, “शिवतो वो आप्पा, पण भिजलं का रजईवानी जड होईल. पोरीला बुडवायचं हाय का?” मी उठलो. मुंबईत शिडं शिवणारे एक गृहस्थ आहेत. ते पॉलिस्टरचं खास कापड वापरतात. ते ताणत नाही, पाणी पीत नाही. आठ हजार दोनशे. तिन्ही कडांची मापं त्यांनी मागवली. फाटकं शीड अंगणात पसरून मी फितीवरचे आकडे पुकारू लागलो, तर दुसरं टोक धरलेली तुझी आई म्हणाली, “ओरडू नका, सभा नाहीये ही.”

खरं तर शीड हे निमित्त. डिसेंबरात तुझं बाळ गेलं आणि मी मनमाडला आलो, तेव्हा तुझ्या उशाशी बसून तासभर बोललो. निसर्गाचे नियम, माणसाचं धैर्य, वाचलेलं सगळं ओतलं. भेटायला आलेली माणसं माना डोलवत होती. तू चादर तोंडावर ओढलीस, तरी मी थांबलो नाही. अंजू, ते भाषण मला परत घेता येत नाही. शनिवारच्या पॅसेंजरने येतोय. नुसता बसेन. तू म्हणालीस तर बाहेर ओट्यावर बसेन.

काल मुंबईहून फोन आला. होडी चालवणाराचं वजन किती, त्यावर शिडाचा कट ठरतो म्हणे. मी आमच्या जावईबापूंना, भारतरावांना विचारलं. “आप्पा, ती जेवतच नाही, शेहेचाळीस किलोवर आलीय,” म्हणाले. मी मुंबईला तुझं शर्यतीच्या दिवसांतलं अठ्ठावन्नच कळवलंय. कापड त्या हिशेबाने कापायला घेतलंय.

तुझाच, वाट पाहायला शिकणारा,
आप्पा