सासूबाईंच्या हातातला काटा-चमचा

शनिवार

डोकंच चालेना झालंय. मला नोकरी लागली म्हणून आज सासूबाईंना सांगलीतल्या त्या नव्या चायनीज हॉटेलात नेलं. दिवस मावळल्यावर जेवायचं नाही, ही इथली जैन घरातली रीत. आमच्या साताऱ्याकडं असलं काही नव्हतं. म्हणून साडेपाचलाच जाऊन बसलो. कांदा-लसूण नको, असं दोनदा बजावलं. तरी नूडल्सवर ही एवढी कांद्याची पात! वेटरवर ओरडून परत पाठवल्या. सासूबाई काटा-चमचा धरून बसल्या होत्या. दुसरी प्लेट आली तेव्हा रस्त्यावर दिवे लागले होते. त्यांनी काटा-चमचा खाली ठेवला.

"तू खा गं. लय भारी दिसतंय."

खाल्लं. गार, चिकट, नुसतं मीठ. रडूच येत होतं.

घरी आल्यावर ह्यांना सांगितलं, तर म्हणाले, "आई बाहेरचं कधीच खात नाही. पाचलाच भाकरी खाऊन निघाली होती. तुला सांगू नको म्हणाली."

म्हणजे? मग ती जरीची साडी कशाला नेसल्या? मी वेटरवर ओरडले तेव्हा गप्प का राहिल्या? आणि खायचंच नव्हतं, तर तासभर तो काटा-चमचा कुणासाठी धरून बसल्या होत्या?